ओळखीच्या आणि नव्या जागेसाठी मेंदूत वेगवेगळ्या पेशी असतात का?

नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये (आठवणी आणि जागेचं भान सांभाळणारा मेंदूतला भाग) ‘ओळखीच्या जागेच्या’ आणि ‘नव्या जागेच्या’ पेशी असे दोन कायमचे गट नसतात. पेशी त्याच, पण जागा बदलली की कोण, कुठे आणि किती पेटणार (म्हणजे विद्युत संकेत देणार) ही जुळणी बदलते.

जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रॉव्स्की यांनी १९७१ साली लंडनमध्ये नोंदवलेल्या या प्लेस सेल. उंदीर ठरावीक जागी आला की त्यातली एखादी पेशी जोरात पेटते, इतरत्र जवळपास गप्प असते. त्याला दुसऱ्या खोलीत सोडा: कोपऱ्यात पेटणारी पेशी गप्प होते किंवा भलत्याच ठिकाणी पेटते, गप्प असलेली बोलू लागते. हे ग्लोबल रीमॅपिंग. खोली तीच ठेवून फक्त उंदीर फिरतो त्या खोक्याच्या भिंतींचा रंग बदलला, तर बहुतेक वेळा पेटण्याची जागा टिकते, जोर तेवढा कमीजास्त होतो.

नवेपणाची खूण पहिल्या काही मिनिटांत दिसते. विल्सन आणि मॅकनॉटन यांच्या १९९३ च्या नोंदींत, नव्या भागात शिरताच सीए१ मधल्या (हिप्पोकॅम्पसचा एक भाग) इतरांना दाबून धरणाऱ्या पेशी मंदावल्या; नकाशा, म्हणजे कुठली पेशी कुठे पेटते याचं एकत्रित चित्र, आधी धूसर होता, साधारण १० मिनिटांत पक्का झाला. एनएमडीए रिसेप्टर (पेशींमधले जोड पक्के करायला लागणारे ग्राहक रेणू) औषधाने बंद केले तरी नवा नकाशा तयार होतो, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही. जुन्या नकाशाला मात्र धक्का लागत नाही. मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो, कारण नकाशा बनणं आणि तो टिकणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे त्यातून दिसतं.

स्वतः मोजणार असाल तर क्रम असा ठेवा: ओळखीची खोली, नवी खोली, पुन्हा ओळखीची. शेवटची फेरी गाळू नका. टेट्रोड (पेशींचे संकेत टिपणारी चार बारीक तारांची जुडी) जरासा सरकला तरी पेशी ‘बदललेल्या’ दिसतात. जुना नकाशा परत आला तरच ते खरं रीमॅपिंग. प्रत्येक फेरीआधी फरशी पुसा, नाहीतर प्राणी वासावरून जागा ओळखतो. नव्या खोलीत उंदीर भिंतीलगत फिरतो आणि मधला भाग नकाशात कोरा राहतो, म्हणून तुलना दोन्हीकडे तो पुरेसा फिरलेल्या भागांचीच करा. थांबलेल्या वेळचा डेटा काढून टाका (वेगाची मर्यादा सेकंदाला ३ ते ५ सेंमी चालते). तेव्हाच्या शार्प-वेव्ह रिपलमध्ये (हिप्पोकॅम्पसमधल्या क्षणभराच्या वेगवान लहरी) पेशी दुसऱ्याच जागांची उजळणी करत असतात.

आणखी एक खाच आहे. २०१३ साली झिव आणि सहकाऱ्यांनी छोट्या उंदरांच्या सीए१ मध्ये कॅल्शियम इमेजिंगने (पेटलेली पेशी चमकताना दाखवणारं तंत्र) पाहिलं, तर ओळखीच्याच जागी कुठल्याही दोन दिवसांत सामाईक पेशी जेमतेम १५ ते २५ टक्के निघाल्या. ज्या परत आल्या त्यांनी आपली जागा मात्र सोडली नव्हती. तेव्हा आठवड्याभराने पेशींची यादी बदललेली दिसली म्हणून प्राण्याला जागा नवी वाटली असा निष्कर्ष काढू नका. परत आलेल्या पेशी कुठे पेटतात ते आधी बघा.