टोडला भेक म्हणायचं का?

प्रश्न असा आला की मुलाच्या पुस्तकात टोडला ‘भेक’ म्हटलंय, घरी मात्र हा शब्द कुणीच वापरत नाही, सरसकट बेडूकच म्हणतो, तर आपलं चुकतंय का? अजिबात नाही.

भेक हा संस्कृतातला साधा बेडूकच, मंडूक आणि दर्दुर यांच्या पंगतीतला. इंग्रजीत फ्रॉग-टोड अशी जोडी आहे म्हणून पुस्तकवाल्यांनी तो टोडला चिकटवला. सोय म्हणून ठीक, पण आमच्या सिंधुदुर्गात भेक म्हटलं तर लोकांना रानातलं भेकर आठवेल! इकडे बेडूक काय, टोड काय, दोघेही बेबोच. पावसाळ्यात पडवीतल्या बल्बखाली जो खडबडीत, मातकट गडी ठाण मांडून बसतो आणि पाखरू गिळताना डोळे मिटून आत ओढतो (डोळ्यांनी घास खाली ढकलतो, खरंच) तो टोड. आजी ओरडायची, "त्या बेब्याक हात लावू नको रे!" कारण त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींतून दुधासारखं विष येतं, कुत्र्याने तोंडात धरला की फेस आलाच समजा. आणि पहिल्या पावसात हळद लागल्यागत पिवळेधम्मक होऊन शेतात डराव डराव करतात ते बुलफ्रॉगचे नर, तेही बेबेच.

सायन्सही आपल्याच बाजूने आहे. बिनशेपटीच्या उभयचरांचा गण एकच, अन्यूरा, आणि खरे टोड म्हणजे त्यातलं ब्युफोनिडी हे एक कुळ. म्हणजे टोडला बेडूक म्हटलं तर बरोबरच, उलटं मात्र चालत नाही. नुसत्या खरखरीत कातडीवरून ठरवू नका, ती इतर बेडकांचीही असते. खऱ्या टोडला दात नसतात, पण ते बघायला तोंड कोण उघडणार.

ग्रीकमध्ये मात्र दोन शब्द आहेत, बाट्राकोस म्हणजे बेडूक आणि फ्रिनी म्हणजे टोड, आणि ते शास्त्रीय नावांत अजून नांदतायत. आंबोलीच्या टोडला २००९ मध्ये झँथोफ्रिनी टायगेरिना हे नाव मिळालं, झँथो म्हणजे पिवळा आणि पुढे अंगावरच्या पट्ट्यांमुळे वाघ. गंमत म्हणजे बुलफ्रॉगही आधी राना टायगेरिनाच होता, मग त्याची प्रजाती (नावातला पहिला शब्द) बदलून हॉप्लोबॅट्राकस झाली, हे नाव पुल्लिंगी, त्यामुळे टायगेरिनाचा टायगेरिनस करावा लागला, आपण पिवळीचा पिवळा करतो ना, तस्संच.

मुलाला पेपरात भेकच लिहू दे, उगाच मार्क कशाला घालवायचे. एरवी लिहिताना फरक दाखवायचाच असेल तर मी सरळ टोड लिहितो.