चहात साखरेचे किती खडे?

प्रिय बाळा,

मालिकेचं नक्की झालं हे वाचून फार आनंद झाला. पण त्याच मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, "ताई, आता नाटक सोडावं लागेल बहुतेक." ते वाचल्यापासून मनाला चैन नाही. फोनवर नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

ब्रिटिश नट डेव्हिड सूशे तुला माहीत आहे, पण फक्त अगाथा ख्रिस्तीच्या कथांतला गुप्तहेर पॉयरो म्हणून. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर 1989 ते 2013, 70 भाग. एकच मिशी, तीच टोपी, जवळजवळ पंचवीस वर्षं. इतकी वर्षं एका भूमिकेत राहिलेला नट आतून सुकून जायला हवा होता. तो सुकला नाही. का, ते सांगते.

पॉयरो त्याच्याकडे आला तेव्हा त्यानं चाळिशी ओलांडली होती. 1973 पासून तो रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेत कामं करत होता, शेक्सपिअरचे शायलॉक आणि इयागो करून झाले होते. 1985 साली एका टीव्ही-चित्रपटात पीटर युस्तिनॉव्ह पॉयरो होता आणि सूशे इन्स्पेक्टर जॅप. ते आपल्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यात वाईट काम, असं त्यानंच पुढे सांगून टाकलं. पॉयरोसाठी विचारणा झाल्यावर त्यानं अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरोकथा वाचायला घेतल्या, आणि वाचता वाचता त्या माणसाच्या सवयींची यादी करत गेला. 93 मुद्दे झाले. चहा-कॉफीत साखरेचे चार खडे, कधी तीन, एखाद-दोन वेळा पाच. बूट टोकदार, घट्ट, चकचकीत. हे सगळं पडद्यावर येणार नव्हतंच, तरी त्यानं लिहून काढलं.

चालीचं तर ऐकच. पुस्तकात पॉयरोची पावलं भरभर आणि आखूड पडतात. ती जमावीत म्हणून सूशेनं पार्श्वभागात एक पेनीचं नाणं दाबून धरून चालायचा सराव केला. हसू नकोस, आज घरी करून बघ. मांड्या आपोआप जवळ येतात, पाऊल लांब टाकताच येत नाही, आणि पाठ ताठ होते. सोंग आणावं लागत नाही, शरीरच तुला ते देतं. आवाजाचंही तसंच. त्याचा स्वतःचा आवाज भरदार, छातीतला. पॉयरो डोक्यानं जगणारा माणूस, म्हणून त्यानं तो आवाज वर, डोक्यात नेला.

सुरुवातीच्याच एका दृश्यात पॉयरोला बागेतल्या बाकावर बसायचं होतं. सूशे म्हणाला, आधी मी रुमाल अंथरणार. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटलं. वाद निर्मात्यापर्यंत गेला, आणि रुमाल राहिला. तू सेटवर नवा आहेस, तेव्हा वाद घाल असं मी म्हणत नाही. पण आपला माणूस बाकावर कसा बसेल, हे तुला ठाऊक असायला हवं. ठाऊकच नसेल तर वाद तरी कशावर घालशील?

आता माझी काळजी. मीही एका मालिकेत चार वर्षं एकच बाई केली. संवाद सेटवर ऐनवेळी हातात पडायचे. तिसऱ्या वर्षी मी ती बाई शोधणं सोडलं, नुसते शब्द पाठ करायला लागले. परत नाटकाच्या तालमीला उभी राहिले तेव्हा माझा आवाज पाचव्या रांगेपलीकडे जात नव्हता. पहिल्यासारखा लागायला वर्ष गेलं. ते वर्ष मला अजून सलतं.

सूशे रंगमंचावर परत परत जात राहिला. 1993 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला नाटककार हॅरोल्ड पिंटरच्या दिग्दर्शनाखाली 'ओलियाना' हे नाटक केलं. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉयरो काही वर्षं थांबला, तेव्हा 'अमेडियस' नाटकातला संगीतकार सालिएरी लंडनला करून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला नेला, टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळवलं. सिनेमे केले, हॉलिवुडमध्ये खलनायकही झाला. टीव्हीवर इंग्रज कादंबरीकार ट्रोलपच्या कादंबरीतला धिप्पाड, लबाड मेलमॉट उभा केला, 2007 साली वृत्तपत्रमालक रॉबर्ट मॅक्सवेल केला आणि आंतरराष्ट्रीय एमी हे टीव्हीचं पारितोषिक घेतलं. पॉयरो संपल्यावर, 2015 मध्ये, ऑस्कर वाइल्डच्या नाटकातली लेडी ब्रॅकनेल, म्हणजे चक्क बाईची भूमिका! तो दर वेळी परत आला तेव्हा पॉयरो ताजा होता, याचं मला नवल वाटत नाही.

तुला महिन्याचे पंचवीस दिवस शूटिंग असेल, भाडं भरायचंय, आईची औषधं आहेत. मला कळतं. नाटकाचे दौरे नको घेऊस. महिन्याला दोन प्रयोग, सुट्टीच्या दिवशी तालीम, एवढं तरी धर. बदली नटाचं मी बघते.

रविवारी सकाळी दहाला हॉलवर ये. मालिकेत तू जो वकील करणार आहेस, त्याच्या सवयींची यादी वहीत लिहून आण, निदान वीस मुद्दे. चहात साखर किती घेतो, तेही.

तुझी,
ताई