विचारा तर खरं : गुपचूप मिशनचा डाव

मागच्या अंकात ‘सिक्रेट मिशन’च्या खेळाचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : प्रत्येकाला गुप्त कामगिरीची चिठ्ठी मिळते. गप्पा आणि खाणंपिणं चालू असतानाच ती दुसऱ्या कुणावर तरी पार पाडायची, त्याला सुगावा लागू न देता. खेळायला म्हणून वेगळं बसायचं नाही, हीच यातली गंमत.

ताई, आम्ही कॉलेजचे आठ मित्र. जानेवारीत कळमेश्वर रोडवर एकाच्या शेतात पानग्यांची पार्टी ठरली आहे. बायका-मुलं धरून वीसेक जण होऊ. दर वेळी तेच होतं. आम्ही चुलीपाशी क्रिकेटवर बोलत राहतो, बायका सतरंजीवर बसतात आणि पोट्टे मोबाइलमध्ये. पुण्याच्या भाचीनं हा खेळ सुचवला. त्याचा डबा विकत मिळतो म्हणे. घ्यावा का? की घरी जमेल? – एक वाचक, प्रतापनगर

डबा मिळतो. ‘डोंट गेट गॉट’ नावाचा, लंडनच्या बिग पोटॅटो कंपनीचा. त्यात प्रत्येकाला सहा मिशनं देतात आणि त्यांतली तीन जो आधी पुरी करेल तो जिंकतो. हा सहातून तीनचा नियम तेवढा उचला, फार विचार करून ठेवलेला आहे. एकच मिशन दिलं आणि ते पाच मिनिटांत फसलं, तर तो माणूस उरलेली रात्र वांगी चिरत बसतो. बाकी डब्याच्या फंदात पडू नका. त्या इंग्रजी चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला तुमचे मित्र ठाऊक नाहीत, तुम्हाला आहेत.

आहेराची पाकिटं घ्या, ती प्रत्येकाच्या कपाटात पडून असतातच. माणशी एक पाकीट, आत सहा चिठ्ठ्या आणि तीन सुटे रुपये. मिशन साधलं की काही न बोलता समोरच्याच्या तळहातावर रुपया ठेवायचा. आपण फसलो हे त्याला त्या रुपयावरून कळतं, आणि तो क्षण बघायला मिळावा म्हणूनच तर सगळी खटपट. तिन्ही रुपये जो आधी देऊन टाकेल तो जिंकला. दुसऱ्याकडून मिळालेला रुपया मात्र वेगळ्या खिशात टाकायचा, नाहीतर हिशेबावरून भांडणं होतात.

संशय आला तर “चिठ्ठी!” म्हणायचं. अंदाज बरोबर निघाला तर ती चिठ्ठी तिथंच फाडायची. पण “चिठ्ठी!” म्हणायची संधी प्रत्येकाला रात्रभरात तीनदाच द्या. ही मर्यादा नसली की कुणी पाणी मागितलं तरी “चिठ्ठी!”, कुणी तब्येत विचारली तरी “चिठ्ठी!”, आणि अर्ध्या तासात सगळे एकमेकांशी बोलायचेच बंद होतात.

आता मिशनं. इथं बहुतेक लोक घोळ घालतात. “कोंबड्यासारखं आरवायला लाव” असलं काही लिहितात. ते कोण कशाला करेल? मिशन असं हवं, की जे पार्टीत एरवीही घडलं असतं. तुमच्या पार्टीसाठी काही सुचवते. कुणाकडून तरी “वरणात मीठ कमी आहे” असं म्हणवून घे. तुझा रिकामा ग्लास कुणाला तरी पाच मिनिटं धरायला लाव. कुणाच्या तरी मोबाइलमधला कॉलेजचा जुना फोटो स्वतः न मागता बघ. पुण्याहून आलेल्या वहिनींच्या तोंडून कोथिंबिरीला आपल्यासारखं ‘सांबार’ म्हणवून घे. स्वतः नाव न घेता कुणाला तरी नागपूरच्या झिरो माइलच्या विषयावर आण. हे शेवटचं वाटतं तेवढं अवघड नाही. “इथून हैदराबाद किती पडत असेल रे?” एवढं विचारा आणि गप्प बसा. गुगल उघडण्याआधी कुणीतरी तिथल्या दगडी खांबावर कोरलेल्या अंतरांची आठवण काढतोच, मग खांबाजवळच्या चार घोड्यांचे पुतळे येतात, मग देशाचा मध्य नक्की कुठे यावर वाद जुंपतो. तुम्ही तोवर रुपया काढून ठेवा. फक्त “कुणाला तरी ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणायला लाव” असं मिशन देऊ नका. नागपुरात ते गाडीतून उतरता उतरताच पूर्ण होईल.

आणि कोण किती सहज फसवतं याचा अंदाज बांधू नका. आमच्या लक्ष्मीनगरच्या गच्चीवर एका कोजागिरीला हा डाव टाकला होता. शेजारच्या एक वहिनी, एरवी दुधाचा पेला हातात धरून कोपऱ्यात बसणाऱ्या. त्यांच्या चिठ्ठीत होतं : कुणाच्या तरी पायातला बूट स्वतःच्या हातात घ्यायचा. त्यांनी गाठलं ते आमच्या ग्रुपमधल्या सर्वात बोलक्या भाऊंना, ज्यांची प्रत्येक वस्तू त्यांच्या मते ‘क्या बात है’ असते. बुटाचा विषयच काढला नाही बाईंनी. नवऱ्याची टाच दुखते, सकाळी जमिनीवर पाय टेकवत नाही, डॉक्टर मऊ तळव्याचं काहीतरी घाला म्हणतात, असं सांगत राहिल्या. भाऊ एका पायावर उभे राहिले, बूट काढला, उलटा केला, आतला तळवा अंगठ्यानं दाबून दाखवला आणि म्हणाले, “हातात घेऊन बघा ना वहिनी, किती हलका आहे.” वहिनींनी घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यात रुपया टाकून परत दिला. भाऊ तसेच एका पायावर, आणि गच्चीवर हा गोंधळ. त्यानंतर कोपऱ्यात बसायची सोय राहिली नाही वहिनींना, पुढच्या प्रत्येक डावात सगळे त्यांच्यावरच नजर ठेवून.

बघा, त्यांनी बूट मागितला नाही. तो भाऊंनी स्वतःहून दिला. समोरच्याला जे दाखवायची हौस आहे तिथून शिरायचं.

मी हौशी नाटकांत पुष्कळ वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंय. नवा नट आपलं वाक्य यायच्या आधी श्वास घेतो आणि प्रेक्षकांना कळतं की आता हा बोलणार. मिशनवाल्यांचंही तसंच असतं. काम सांगायच्या आधी ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. तुमच्या मंडळींना तेवढंच सांगून ठेवा. आणि एक, गोवऱ्यांच्या जाळाजवळ काहीही करायला लावणारी चिठ्ठी नको. पळसाच्या पानांतले पानगे उलटताना माणसाचं लक्ष पानग्यांवरच असू द्या.

हा खेळ म्हणजे नातवंडांना खोटं बोलायला शिकवणं नव्हे काय? सून कौतुकानं खेळवते, मला पटत नाही. – एक आजोबा, महाल

काका, राजा-राणी-चोर-शिपाई तुम्हीही खेळला असाल. चोराची चिठ्ठी हातात आल्यावर तुम्ही शिपायाकडे बघून काय केलं होतंत? चेहरा सरळ ठेवलात ना? तेवढंच आहे हे. हल्लीची मुलं ‘माफिया’ खेळतात, तेही याच घराण्यातलं. तो 1986-87 च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राच्या दिमित्री दाविदोव यानं बसवला. त्यातही खोटं बोलायचं ते सगळ्यांनी आधी मान्य करून, ठरल्या वेळापुरतं.

तरी तुमच्या शंकेला एका बाबतीत मी मान देते. सातेक वर्षांपर्यंतच्या मुलांना एकट्यानं चिठ्ठी देऊच नये. त्यांच्या पोटात काही राहत नाही, मग बिचारी ओशाळी होतात. नातवाला तुमच्या जोडीला द्या. दोघांची मिळून एक चिठ्ठी, आणि सावज सूनबाई.

मावशी, आमच्या पाच मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये हा खेळ झाला. माझं ठरलेलं लग्न या वर्षी मोडलं, ते का मोडलं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री एक मैत्रीण मला बाल्कनीत घेऊन गेली, खूप मायेनं विचारत राहिली. मी सगळं सांगितलं, रडलेसुद्धा. आत आल्यावर तिनं चिठ्ठी दाखवली : ‘कुणाचं तरी गुपित काढून घे.’ सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेली नाही. “खेळ होता गं” म्हणते ती. मी जास्त मनाला लावून घेतलंय का? – मनीषनगर

नाही.

तू हसलीस ते त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही म्हणून. त्याचा अर्थ तुझी संमती होती असा कुणी काढत असेल तर काढू देऊ नकोस. मिठावरून फसवलं, बुटावरून फसवलं, तर फसलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच तो किस्सा चार जणांना सांगतो. तू हा सांगू शकतेस का? ज्याच्यावर मिशन होतं त्याला जे नंतर हसत सांगता येणार नाही, ते मिशनच नव्हतं. शिवाय तिनं तुझ्याकडून गुपित काढलं त्यापेक्षा मला खटकतं ते हे की तिनं ऐकून घेण्याचं सोंग केलं. पुढच्या वेळी कुणी मायेनं विचारलं की तुझ्या मनात आधी चिठ्ठी येणार.

चिठ्ठी लिहिली कुणी, हेही विचार. त्या मैत्रिणीच्या हातात ती आयती पडली असेल तर दोष वाटला जातो. पण ती ‘हे नको, दुसरी देते’ म्हणू शकली असती, कारण बाल्कनीत तू रडत होतीस हे तिला दिसत होतं.

तुला बोलायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर नको आणि पाची जणींसमोर तर नकोच. तिला एकटीला भेट. फुटाळा तलावावर चक्कर मारायला बोलव, चालताना असलं बोलणं सोपं जातं, एकमेकींकडे बघावं लागत नाही. एवढंच सांग : “खेळाचं काही नाही. मी तुला खरं सांगत होते आणि तू खरं ऐकत नव्हतीस, त्याचं वाईट वाटलं.” ती पुन्हा “खेळ होता गं” म्हणाली तर घरी निघून ये. गप्प झाली तर थांब. बाकीच्या तिघींनाही एकदा स्पष्ट बजाव की ऐकलेलं तिथंच राहू दे.

आणि बाकी सगळ्या वाचकांसाठी, हे विषय चिठ्ठीत येऊ देऊ नका : पगार, वजन, लग्न कधी, गोड बातमी कधी, मोडलेली नाती, कुणाच्याही घरातलं आजारपण. कुणाला काही खायला घालायचं मिशन तर कधीच नको. एखादीची संकष्टी असते, एखाद्याला शेंगदाणा चालत नाही, कुणी नॉनव्हेजच्या पळीला हात लावत नाही, आणि फसवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. घरच्या यजमानानं सगळ्या चिठ्ठ्या आधी एकदा वाचून घ्याव्यात, मग भलेही त्याला स्वतःला खेळता येवो न येवो.

आमच्या कंपनीचं वार्षिक गेट-टुगेदर आहे. तीस जण, त्यांतले निम्मे नवे. एकमेकांची नावंसुद्धा माहीत नाहीत. एवढ्या लोकांत सहा-सहा चिठ्ठ्या कशा सांभाळणार? – एक वाचक, हिंगणा एमआयडीसी

सांभाळू नका. तुमच्यासाठी दुसरा प्रकार बरा, अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘असॅसिन’ नावानं खेळतात तो. एका कागदावर तिसाही नावं गोलाकार लिहा, क्रम उलटसुलट करून, एकाच विभागातले शेजारी येणार नाहीत असा. आता प्रत्येकाला एकच चिठ्ठी, तिच्यावर वर्तुळातलं पुढचं नाव. ते त्याचं सावज. काम सगळ्यांना एकच : सावजानं तुमच्या हातून कुठलीही वस्तू घेतली की ते बाद. बाद होणाऱ्यानं आपली चिठ्ठी तुम्हाला द्यायची. तिच्यावर तुमचं पुढचं सावज. असं करत वर्तुळ आवळत जातं आणि शेवटी दोघं उरतात, एकमेकांवर टपलेले.

नावं माहीत नाहीत हा तुमच्याकडे अडथळा नाहीच, उलट फायदा आहे. अकाउंट्समधल्या माणसाला ‘स्टोअर्समधला तो’ नक्की कोणता हे चार जणांना विचारावं लागेल, तेही संशय येऊ न देता. बाद झालेले लोक मात्र कंटाळतात. त्यांना खबरी करा. कुणाला कोण शोधतंय हे ते विकू शकतात, एका पापडाच्या बदल्यात वगैरे. जेवणाच्या अर्धा तास आधी सुरू करा आणि गोडाबरोबर संपवा, त्याहून ताणू नका. वाढपी आणि चहावाले खेळाबाहेर, हे आधी जाहीर करा. नाहीतर लोक उपाशी राहतील.

साहेबांनाही वर्तुळात घ्या. फक्त त्यांच्या नावाची चिठ्ठी सर्वात नव्या मुलाकडे जाईल असं बघा. तो जेवणभर हातात फाइल घेऊन त्यांच्या मागे फिरेल आणि साहेब ती घेणार नाहीत.

बक्षीस म्हणून संत्रा बर्फीचा डबा पुरे. तो द्यायला कुणाला पुढे करू नका, टेबलावर ठेवून द्या. तोवर तुमच्याकडे कुणी कुणाच्या हातून काही घेण्याच्या मनःस्थितीत नसेल.