म्हातारपणाचा अनुभव शाळेच्या जिन्यावरही देता येतो

नेरूळच्या ताई, नववीच्या मुलांना म्हातारपण अनुभवायला बाहेर न्यायचंय आणि परवानगीचा अर्ज अडकलाय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून राहवलं नाही. ठाण्यात आमचं अगदी हेच झालं होतं.

मुलांना म्हातारपणाचं सोंग द्यायला चष्म्याला पिवळा जिलेटीन कागद, बुटात हरभरे, गुडघ्याला क्रेप बँडेज हे तुम्हाला ठाऊकच असणार. आम्हाला भोवलं ते एक कार्यालय, नाव घेत नाही. बागेतल्या पायऱ्या तासभर हव्या होत्या, बस्स. एका टेबलावर म्हणाले पालकांची हमीपत्रं आणा, ती नेली तर दुसऱ्यावर म्हणाले नव्या नमुन्यात आणा, तिसऱ्यावर कायम 'साहेब मीटिंगमध्ये'. होकार आला तेव्हा पाऊस लागला होता आणि मुलं दहावीत गेली होती. दहावीला असल्या गोष्टींसाठी तास कोण देणार? ती तुकडी हुकली याची मला अजून चीड येते.

पुढच्या वर्षी शाळेचाच जिना वापरला. माझं मत विचाराल तर चालण्यापेक्षा हाताडोळ्यांची कामं जास्त द्या. बोटांना चिकटपट्टी लावून गोळ्यांची स्ट्रिप फोडणं, तिच्यावरची तारीख वाचणं, एक आणि दोनचं नाणं ओळखणं. तेही अर्धे दिवे बंद करून. साठीत डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं, आणि विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पडद्यापर्यंत पोचतो.

कानात नुसते बोळे घालून भागत नाही. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ निसटतात. बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाही. मोबाइलच्या इक्वलायझरवर (उंच-खालचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) वरच्या पट्ट्या खाली ओढून एखादी सूचना ऐकवा. ओरडण्यापेक्षा समोर येऊन सावकाश बोलणं का बरं, ते मुलांना लगेच कळतं.

अर्ध्या मुलांना घाई करणारे दुकानदार आणि कंडक्टर करा. अमेरिकेतल्या डिझायनर पॅट्रिशिया मूर १९७९ पासून, विशीत असताना, म्हाताऱ्या बाईच्या वेषात गावोगाव फिरल्या होत्या, तेव्हा लोकांचं वागणंही त्यांनी सोसलं. तो भाग वगळला तर मुलं नुसती हळहळतात. शेवटी खरे आजी-आजोबा बोलवा, काय चुकलं ते त्यांनाच सांगू द्या.

मी डॉक्टर नाही, तेव्हा दमा किंवा गुडघ्याची दुखापत असलेल्यांना यातून वगळा, आणि जिन्यावर प्रत्येकामागे एक सोबती ठेवाच. अर्ज मागे घेऊ नका, पण आवक क्रमांकासह शिक्क्याची पोच घेतली नसेल तर उद्याच घ्या.