जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) आणि सीपीयूवर ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) वेगवेगळी ऊर्जा देतंय. बग आहे की मशीन बिघडलंय? थीसिसमध्ये कोणता आकडा द्यावा?

बग नाही, मशीनही बिघडलेलं नाही. तुम्ही एकच टीपीआर फाइल (रनची सगळी माहिती असलेली इनपुट फाइल) आधी जीपीयूवर चालवली, मग नुसत्या सीपीयूवर. कूलॉम्ब एसआरमध्ये (विद्युतभारांमधल्या ऊर्जेचा जवळच्या अंतराचा भाग) दोनेक हजार किलोज्यूलचा फरक आला, रीरनने (साठवलेल्या फ्रेमवरून ऊर्जा पुन्हा मोजणं) तिसराच आकडा दिला, अ‍ॅम्बर या दुसऱ्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरशी काहीच जुळेना, आणि गाइड म्हणाले मशीन बदला. हे शेवटचं लिहिलं नसतं तर मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडलो नसतो.

२०१९ च्या पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मी बडोद्यात पीएचडी करत होतो. (रस्त्यावर मगरी फिरतानाचे व्हिडिओ पाहिले असतील. खरे होते.) आमची मशीन तळमजल्यावर. पाणी चढायला लागलं तशी आम्ही ती उचलून वर नेली आणि महागाचं म्हणून ग्राफिक्स कार्ड काढून सरांच्या कपाटात ठेवलं. वीज आली, मशीन सुरू झालं, पण किल्ली सरांकडे आणि सर अलकापुरीच्या गरनाळ्यापलीकडे अडकलेले. म्हटलं, कार्डाशिवाय चालवू.

लॅबमध्ये एक सीनियर होते. दांडिया बाजारात माझ्या आत्याच्या शेजारीच राहायचे, त्यामुळे मी त्यांना दादाच म्हणायचो. दादांनी पुराआधीचा आणि पुरानंतरचा रन शेजारी शेजारी उघडला, फक्त कूलॉम्ब एसआरची ओळ पाहिली आणि जाहीर केलं, "ओल शिरलीय. मशीन गेलं."

मी म्हटलं, "दादा, खालची रेसिप्रोकलची ओळपण बघा ना. एक जेवढी खाली गेलीय, जवळपास तेवढीच दुसरी वर आलीय. बेरीज करून बघा."

"बेरीज कशाला करायची? एसआर चुकली म्हणजे सगळंच चुकलं."

इथेच घोटाळा आहे, आणि तुमचाही हाच. पीएमई (पार्टिकल मेश एवाल्ड पद्धत) कूलॉम्बची बेरीज दोन भागांत करतं, जवळचं थेट (एसआर) आणि लांबचं ग्रिडवर (रेसिप्रोकल). कुठे तोडायचं ही गणिताची सोय आहे, निसर्गाला त्याचं सोयरसुतक नाही. जीपीयू असला की एमडीरन (ग्रोमॅक्सचा रन चालवणारा प्रोग्राम) सुरुवातीलाच वेगवेगळे कटऑफ (जवळचा भाग जिथे संपतो ते अंतर) आणि ग्रिड चालवून बघतं, आणि कार्डावर जास्त काम टाकण्यासाठी कटऑफ वाढवून ग्रिड विरळ करतं. तुम्ही एमडीपीमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) १.० नॅनोमीटर लिहिलं असलं तरी रन प्रत्यक्षात १.२ वर चाललेला असू शकतो. कार्ड नसलं, आणि पीएमईसाठी वेगळे रँक (प्रोसेस) दिलेले नसले, तर हे ट्यूनिंग होतच नाही. म्हणजे पैसे या खिशातले त्या खिशात गेले, एवढंच. लॉग फाइलमध्ये 'ऑप्टिमल पीएमई ग्रिड' अशी ओळ शोधा, शेजारी नवा कटऑफ लिहिलेला सापडेल. मग जीपीयूवरच नोट्यूनपीएमई हा पर्याय देऊन पुन्हा चालवा.

कार्ड परत आल्यावर मी हेच केलं. ट्यूनिंग बंद ठेवून जीपीयूची पहिल्या स्टेपची एसआर सीपीयूला येऊन मिळाली, चालू ठेवून पुराआधीच्या सरासरीवर गेली. दोन्ही लॉग छापून दादांसमोर ठेवले. शेव उसळ खाता खाता त्यांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, "म्हणजे ओल सुकली."

दादा आता एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि नव्या मुलांना अजून सांगतात म्हणे, की फुकटच्या सॉफ्टवेअरचा भरवसा नाही, पुरानंतर आमचे आकडे कसे फिरले होते. लायसन्सचे पैसे भरल्याने बेरीज बदलत नाही हो. फुकटच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड निदान उघडून वाचता तरी येतो.

रीरनचं कारण वेगळं. तुम्ही नक्की एक्सटीसी (जागा वाचवणारी ट्रॅजेक्टरी) फाइल दिली असणार. तिच्यात अणूंचे निर्देशांक ०.००१ नॅनोमीटरपर्यंतच साठवलेले असतात. ऐकायला बारीक वाटतं, पण कार्बन-कार्बन बंधाचा स्थिरांक साधारण २,६०,००० किलोज्यूल प्रति मोल प्रति चौरस नॅनोमीटर असतो, ०.०००५ ची चूक म्हणजे एका बंधामागे ०.०३ किलोज्यूल, तेही बंध समतोलावर असला तर. तुमच्या प्रोटीनमध्ये असे किती बंध आहेत ते बघा आणि गुणा. रीरनला टीआरआर (पूर्ण अचूकतेची ट्रॅजेक्टरी फाइल) द्या. आणि २०१९ च्या आवृत्तीपासून रीरन कायनेटिक ऊर्जा देतच नाही, तेव्हा टोटल शोधत बसू नका.

अ‍ॅम्बरशी तुलना करायची तर शून्य स्टेपचा रन, कंटिन्युएशन चालू ठेवून (म्हणजे सुरुवातीला बंधांच्या लांब्या पुन्हा बसवल्या जात नाहीत), आणि एकेक पद वेगळं. आधी बंध, कोन, डायहेड्रल (बंधाभोवतीचा पीळ). अ‍ॅम्बरचे किलोकॅलरीतले आकडे ४.१८४ ने गुणून हे जुळले नाहीत तर टोपोलॉजीचं (रेणूचे बंध आणि बलं लिहिलेल्या फाइलचं) रूपांतर चुकलंय, पुढे जाऊच नका. मग १-४, म्हणजे तीन बंधांनी दूर असलेल्या अणूंच्या जोड्या (अ‍ॅम्बरमध्ये कूलॉम्ब १.२ ने आणि लेनर्ड-जोन्स, म्हणजे विद्युतभाराशिवायचं आकर्षण-प्रतिकर्षण, २ ने भागतात). लेनर्ड-जोन्स जुळत नसेल तर ग्रोमॅक्स कटऑफवर पोटेन्शियल सरकवतं आणि डिस्पर्शन करेक्शन (कटऑफपलीकडच्या आकर्षणाची भर) मुळात बंद असतं. अ‍ॅम्बरमध्ये नेमकं उलटं. एवढं करूनही कूलॉम्बमध्ये लाखामागे तीन-चारचा फरक राहील. अ‍ॅम्बरचा विद्युत स्थिरांक ३३२.०५२२ आहे, ग्रोमॅक्सचा त्याच एककांत ३३२.०६४ च्या आसपास. तो फरक तसाच राहू द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दशांशाचं तर बोलूच नका. सिंगल प्रिसिजनमध्ये (३२ बिटांच्या संख्यांत) उणे पाच लाखांच्या आसपास दोन शेजारच्या संख्यांतच ०.०३ चं अंतर असतं. थ्रेड बदलले की बेरजेचा क्रम बदलतो, शेवटचा अंक बदलतो, आणि काही पिकोसेकंदांत दोन्ही रन वेगळ्या वाटेला लागतात.

थीसिसमध्ये कोणता आकडा? सरासरी, एरर एस्टिमेटसकट, आणि निदान तीन स्वतंत्र रनची. एसआर एकटी कधीच छापू नका. तुम्हाला बाइंडिंग एनर्जी काढायची असेल तर प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्नात लिहिलेलं नाही.

हां, वर मी मशीन बिघडलेलं नाही असं ठोकून दिलं, ते तुमच्या आकड्यांवरून. एनव्हीईमध्ये (तापमान-दाबाचं नियंत्रण नसलेल्या रनमध्ये) एकूण ऊर्जा सतत चढत असेल तर आधी टाइमस्टेप आणि कन्स्ट्रेंट (बंधांच्या लांब्या पक्क्या धरणारी सेटिंग) बघा, ट्यूनिंगला दोष देऊ नका. आणि मेमरी खरंच खराब होऊ शकते. त्याची चाचणी सोपी आहे: सीपीयूवर, तेवढेच थ्रेड ठेवून, रीप्रॉड पर्याय देऊन तोच रन दोनदा चालवा. शेवटच्या अंकापर्यंत सारखा आला नाही तर मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्राम) लावा. आम्ही केली होती, सारखा आला. दादांनी तो निकाल सरांना दाखवला नाही. नव्या मशीनचं कोटेशन त्यांनी पुराच्या आधीच मागवून ठेवलं होतं.