पाचशे रुपयांचे अल्बम आणि त्यांतला दानाचा वाटा

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद. वसतिगृहाच्या खर्चातून महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढून तू संगीताचे अल्बम विकत घेणार आहेस आणि त्यातले काही पैसे सत्कार्याला लागावेत अशी तुझी इच्छा आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. स्वस्ताई आणि दान एकाच खरेदीत साधता येईल का, असे तू विचारले आहेस. साधता येते, मात्र ही स्वस्ताई कोणाच्या खिशातून आली, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. दुकानदाराने स्वतःचा वाटा सोडला म्हणून, किंवा तू सवलतीची वाट पाहिलीस म्हणून अल्बम स्वस्त पडला असेल, तर तो निःशंकपणे घे. कलावंताच्या किंवा गरजूंच्या वाट्याला कात्री लावून मिळणारी स्वस्ताई मात्र मला मान्य नाही.

तुझ्या बजेटात सुरुवात करायला बँडकॅम्प हे ठिकाण मला सर्वांत योग्य वाटते. २००८ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर कलावंत आपल्या अल्बमची किंमत स्वतः ठरवतात. डिजिटल विक्रीवर कंपनी १५ टक्के घेते आणि कलावंताची वार्षिक विक्री ५,००० डॉलरच्या पुढे गेली की हा वाटा १० टक्क्यांवर येतो. पैसे भरण्याचे शुल्क वेगळे असते. सगळे वजा जाता सरासरी ८२ टक्के रक्कम कलावंताच्या किंवा त्याच्या ध्वनिमुद्रण संस्थेच्या हाती पडते, असे कंपनी सांगते. करोनामुळे मैफली बंद पडल्या तेव्हा २० मार्च २०२० या शुक्रवारी कंपनीने आपला वाटा पूर्णपणे सोडला आणि त्या एका दिवसात रसिकांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. तेव्हापासून वर्षातले काही ठरावीक शुक्रवार याच पद्धतीने पाळले जातात आणि त्या दिवशी सरासरी ९३ टक्के रक्कम पोहोचते. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे चालतो, म्हणून आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला, आणि तिकडच्या हिवाळ्यात दीड वाजता, सुरू होतो. सकाळी उठल्याबरोबर खरेदी केलीस, तर ती नेहमीच्याच दिवसात जमा होईल.

येथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण तुझ्या पत्रात तीच गफलत झाली आहे. हे शुक्रवार म्हणजे दानधर्म नव्हे; त्या दिवशी कलावंताला त्याच्या कष्टाचा मोबदला अधिक मिळतो, एवढेच. दानाचा दिवस निराळा. १९ जून २०२० रोजी, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अंताच्या स्मरणदिनी, याच कंपनीने त्या दिवसाचा स्वतःचा सगळा वाटा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड या संस्थेला दिला. तिसरा प्रकार मदतीसाठी काढलेल्या संकलनांचा. एखादे संकट कोसळले की पंधरा-वीस कलावंत एकेक रचना देतात, त्यांचा एक अल्बम होतो आणि त्याची मिळकत मदतीला जाते. ऑस्ट्रेलियातले २०१९-२० चे वणवे आणि २०२२ मध्ये पेटलेले युक्रेनचे युद्ध या दोन्ही वेळी अशी संकलने मोठ्या संख्येने निघाली. स्वस्ताईच्या दृष्टीनेही ती उत्तम असतात, कारण एका अल्बमच्या पैशांत अनेक अनोळखी कलावंतांची ओळख होते.

अशा संकलनाचे वर्णन मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाच. पैसे मिळणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव, सगळी मिळकत जाणार की केवळ नफा, आणि कोणत्या तारखेपर्यंतची विक्री धरणार, एवढे तरी त्यात असलेच पाहिजे. मी एकदा पूरग्रस्तांसाठी म्हणून असे एक संकलन घेतले; ‘सर्व रक्कम मदतीसाठी’ यापलीकडे त्यावर काही लिहिलेले नव्हते. दोनदा पत्र पाठवून विचारले, उत्तर आले नाही, आणि ते पैसे कुठे गेले हे मला आजवर कळलेले नाही. हेतू निर्मळ असतानाही पैसा अडकू शकतो. पंडित रविशंकरांच्या आग्रहावरून ‘बीटल्स’ या गाजलेल्या इंग्रजी वाद्यवृंदातले जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लवकर मिळाले. पण करमाफीची परवानगी आधी न घेतल्यामुळे ध्वनिमुद्रिकेतून जमलेल्या रकमेचा मोठा भाग अमेरिकेत कित्येक वर्षे अडकून राहिला. म्हणूनच ज्या संकलनाचे आयोजक किती रक्कम जमली आणि ती कधी पाठवली हे पावतीनिशी जाहीर करतात, त्यांच्याकडे मी पुन्हा पुन्हा जातो.

आता ‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’ या चौकटीविषयी. अल्बमच्या चित्राजवळ ती छोटीशी रिकामी चौकट दिसते आणि किमान किंमत नाही, अशी सूचना असते. शून्य लिहिले तरी बहुतेक वेळा अल्बम उतरवून (डाउनलोड करून) घेता येतो. नव्या कलावंताचे काम ऐकून पाहायला तसे करण्यात काही गैर नाही. परवानगी त्यानेच दिलेली आहे. मदतीच्या संकलनावर मात्र शून्य लिहू नकोस. तेथे एक डॉलर देण्यापेक्षा दोन महिन्यांचे मिळून पाच डॉलर दे, कारण पैसे भरण्याच्या शुल्कात काही रक्कम ठरावीक असते आणि लहान व्यवहारात तिचाच घास मोठा होतो. शिवाय तुझी बँक परकीय चलनाचा आकार लावील, तोही हिशेबात धर.

खरी बचत संपूर्ण संग्रह एकदम घेण्यात आहे. अनेक कलावंत आपले सगळे अल्बम एकत्र घेणाऱ्याला मोठी सूट देतात, आणि पसंतीच्या कलावंतांना ‘फॉलो’ केलेस तर सवलतीचे संकेतांकही कधीकधी ईमेलने येतात.

विकत घेतलेला अल्बम त्याच दिवशी उतरवून घे आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेव. फ्लॅक या ध्वनिफाइलच्या प्रकारात एका अल्बमला तीन-चारशे एमबी जागा लागते, पण ध्वनीत काही गमावले जात नाही आणि पुढे त्यातून एमपीथ्री केव्हाही करता येते. प्रत जवळ हवी, कारण दुकान कायम टिकेलच असे नाही: आपल्याकडे फ्लिपकार्टचे फ्लाइट हे गाण्यांचे ऑनलाइन दुकान २०१२ मध्ये उघडले आणि २०१३ मध्ये बंदही झाले. मदतीची संकलने तर कधीकधी मोहीम संपताच काढून घेतली जातात.

अशा खरेदीवर आयकराची सवलत मिळत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तू वस्तू घेतलीस, देणगी दिली नाहीस. तुला पावती हवी असेल, तर संकलनावर दिलेल्या संस्थेची नोंदणी पाहून तिला थेट पैसे पाठव आणि अल्बम वेगळा घे.

पुढच्या अशा शुक्रवारची तारीख कळली की मला कळव. त्याआधी तू निवडलेल्या दोन-तीन संकलनांची वर्णने जशीच्या तशी उतरवून पाठव. आपण ती फोनवर एकत्र वाचू आणि मगच पैसे भर.

तुझा,
काका