गणपती जावंदे, मगे बघूया

प्रिय मुली,

परवा फोनवर तू विचारलंस, "सिस्टर, गणपतीत दोन दिवस घरी जाऊन येऊ का?" मी हसले, त्याचा राग मानू नकोस. लातूरहून सिंधुदुर्गात आलेल्या माणसाला इथला गणपती पहिल्या वर्षी कळत नाही. तुझ्या आरोग्य उपकेंद्राखालच्या वाड्यांत आज जी घरं कुलपात आहेत, किंवा ज्यांच्या पडवीत नुसती दोन म्हातारी माणसं बसलेली दिसतात, त्या घरांत चतुर्थीच्या आदल्या रात्री पंधरा-पंधरा माणसं झोपलेली असतील. माणसं वाढतील, तुझ्या कपाटातल्या गोळ्या तेवढ्याच राहतील. लातूरला नंतर जा. आईला माझं नाव सांग, म्हणावं त्या म्हातारीने अडवलं.

आता मुद्द्याचं. फ्लू म्हटलं की लोकांना थंडी आठवते. आपल्याकडे तो पावसात चढतो, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारीनंतर एकदा डोकं वर काढतो. पहिली लाट नेमकी गणपतीच्या तोंडावर येते. २००९ साली ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला आणि २३ ऑगस्टला चतुर्थी होती. त्या वीस दिवसांत लोक मुंबईतल्या आपल्याच मुलांना फोन करून येऊ नका सांगत होते आणि फोन ठेवून रडत होते. मुलं आली ती आलीच. २०२० मध्ये तर विलगीकरणाच्या दिवसांवरून गाववाले आणि चाकरमानी यांच्यात अशी भांडणं लागली की काही घरं अजून एकमेकांकडे आरतीला जात नाहीत. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. गणपतीच्या बाबतीत 'करू नका' हा शब्द काढायचा नाही. तो काढलास की त्या घरात पुढचं काही कुणी ऐकत नाही. एरवी चहा मात्र देतील.

मी वर्षानुवर्षं एक हिशोब करत आले, तोही करून बघ. चाकरमानी चतुर्थीच्या दोन दिवस आधी रात्रीच्या गाडीत बसतो. डब्यात उभं राहायला जागा नसते, पावसामुळे खिडक्या लावलेल्या. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून साधारण दोन दिवसांनी, कधी एका तर कधी चार दिवसांनी, ताप येतो. म्हणजे गाडीत लागण झालेला माणूस चतुर्थीला किंवा ऋषिपंचमीला कणकणतो. ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्याला आजार देत असतो, आणि नेमक्या त्याच दिवशी तो घरी पोचून आईच्या गळ्यात पडलेला असतो. आईला लागण झाली की गौरी येतात त्या सुमारास तिला बरं वाटेनासं होतं. घरात पाहुणे, सुना, नैवेद्य. ती म्हणते, "गणपती जावंदे, मगे बघूया." गौरी-गणपती उठतात, मुलं परतीच्या गाडीला लागतात, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं की म्हातारीला धाप लागलीय. या गावात मी सगळ्यात जास्त घाबरले ते या एका वाक्याला. साप-विंचवाला नाही.

एका म्हातारीची गोष्ट सांगते. मी ती कुणाला फारशी सांगितलेली नाही. एका वर्षी पाचव्या दिवशी दुपारी एका घरी बाळाचं वजन घ्यायला गेले होते. ही आजी म्हणजे घावण्यांची उस्ताद. तिचा बिडाचा तवा दुसऱ्या कुणाला हात लावायची परवानगी नव्हती. त्या दिवशी तव्यावर सून होती आणि आजी माजघरात भिंतीला टेकून बसलेली. मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. "दमलंय गो," म्हणाली. मीही म्हटलं, असेल, सत्तरी पार केलेली बाई, पाच दिवस उभी आहे. पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या दिल्या, काळ्या वाटाण्याचं सांबार खाल्लं आणि निघाले. तिने भाताला हात लावलेला नव्हता, हे सुनेने मला सांगितलंही होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे १०८ ची गाडी आली. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय. तिथून ती परत आली ती शेवटची पेज घ्यायला. चूक माझी होती. म्हाताऱ्या माणसाला फ्लूमध्ये ताप चढलाच पाहिजे असं नसतं. ती जेवत नाही, गप्प होते, एखादं वाक्य भलतंच बोलते, आणि चुलीपासून उठते. चुलीपासून उठलेली म्हातारी दिसली की वजनकाटा बाजूला ठेव आणि आधी तिचा श्वास मोज.

श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय तुला शिकताना लागली असेल तर ती सोड. पोर एक वर्षाच्या वर आणि पाचच्या आत असेल तर मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, त्याहून लहान असेल तर ६०. मोठ्या माणसाला ऑक्सिमीटर लाव, पण लावण्याआधी बोटं बघ. गौरीसाठी बायकांनी नेलपॉलिश लावलेलं असतं, मेंदी असते, आणि भिजून आलेल्या माणसाचे हात गार असतात. आकडा खोटा येतो. एका नखाचं पॉलिश काढायला लाव, हात चोळून गरम कर, मग बघ. ९४ च्या खाली गेलं की डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळसर, गुंगी, पोराने अंगावर पिणं सोडणं, यातलं एकही दिसलं तर आकड्याची वाट बघायची नाही, गाडी बोलवायची.

बाकी बहुतेकांना साधा ताप, घसा, अंगदुखी. त्यांना पॅरासिटामॉल, कोमट पाणी, पेज, झोप. तपासणीही लागत नाही, अँटिबायोटिक तर नाहीच. पण गरोदर बाई, दम्याचा माणूस, साखर किंवा हृदयाचा पेशंट, म्हातारा, दोन वर्षांच्या आतलं मूल यांना ताप-खोकला आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या नजरेखाली घाल. फ्लूवरचं ऑसेल्टामिवीर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग होतो. आता यात 'गणपती गेल्यावर' कुठे बसवणार? दीड दिवसाच्या गणपतीतसुद्धा बसत नाही, आणि आपल्याकडे अकरा दिवसांचे, एकवीस दिवसांचे गणपती आहेत.

लोक सुई मागतील. "मॅडम, एक सुई मारा, रात्री भजन आसा." मारू नकोस. ते बाजारपेठेत जाऊन मारून घेतील आणि तुझ्यापेक्षा त्या माणसाला मोठा डॉक्टर म्हणतील. म्हणू दे. काढ्याशी मात्र भांडू नकोस. आलं-तुळशीचं गरम पाणी घशाला बरं वाटतं, फक्त त्यावर तीन दिवस काढू देऊ नकोस. वाफेचं पातेलं मात्र पोरांपासून लांब ठेवायला सांग. वाफेने फ्लू जात नाही, आणि पातेलं सांडून भाजलेली पोरं मी पाहिली आहेत.

इथे येणारा प्रत्येक ताप फ्लूचा असतो असं धरून चालू नकोस, इथेच बाहेरून आलेली माणसं फसतात. भाताच्या चिखलात बेणणी करून आलेला माणूस तापाबरोबर पोटऱ्या धरून बसला असेल, डोळे लाल पण चिपडं नाहीत, खोकला जवळपास नाही, तर तो लेप्टो, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, समज आणि लगेच पाठव. लघवी कमी होणं आणि डोळे पिवळे होणं ही उशिराची लक्षणं. शेतात उतरणाऱ्यांना डॉक्टर आठवड्याची डॉक्सीसायक्लीन देतात. ती गरोदर बाईच्या आणि लहान पोराच्या हातात जाऊ नये एवढं बघ. डेंग्यूची शंका असेल तिथे ब्रुफेनसारखी गोळी नको. चाकरमान्याला लेप्टो होत नाही असंही नाही हं, हौसेने चिखलात उतरतात ते.

घरातली झोपायची जागा हा माझा आवडता विषय. पाहुणे आले की म्हातारीची खाट हलवून तिला आतल्या काळोख्या खोलीत घालतात, आणि नातवंडं हट्टाने तिच्याच गोधडीत शिरतात. खोकणारं पोर रात्रभर तिच्या तोंडाजवळ श्वास सोडत असतं. "आजी, तुम्हाला धोका आहे" असं म्हणून काही होत नाही. ती म्हणते, मरान तर नातवाच्या कुशीत मरान. मी उलट सांगायचे, "पोराक ताप आसा, तेका पडवीत वाऱ्यार निजांदेत, बरा वाटात." नातवाच्या भल्यासाठी ती लगेच तयार होते. खोकणाऱ्याला पडवी, म्हातारीला तिची जागा, एवढं जमलं तरी पुष्कळ. ताप औषधाशिवाय पूर्ण एक दिवस उतरलेला राहीपर्यंत त्याने आरतीला खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच, हात जोडायचे. आणि बायकांना पदराबद्दल सांग. ज्या पदरात खोकायचं त्याच पदराने पोराचं तोंड पुसायचं, हे दिवसातून वीस वेळा चालतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

भजनाबद्दल तू वाडीत जाऊन सांगितलंस तर कुणी ऐकणार नाही. भजन म्हणणाऱ्या बुवांना भेट. रात्री बंद माजघरात पखवाज, झांजा, दहा-बारा गाणारे, पन्नास ऐकणारे, आणि सगळ्यांत मिळून पाण्याचा एक तांब्या. एका वर्षी मी आमच्या बुवांना म्हटलं, गजराआधी तुम्हीच सांगा की ज्यांना खोकला आहे त्यांनी खळ्यात बसावं, आणि दारं-खिडक्या उघडा. बुवांनी ते त्यांच्या पद्धतीने दोन शिव्या घालून सांगितलं. माझ्या दहा सभांनी झालं नसतं ते त्या रात्री झालं. तांब्याऐवजी वेगवेगळ्या पेल्यांचं मात्र मला कधीच जमलं नाही. तुला जमलं तर मला कळव.

फ्लूच्या लशीला या वर्षी उशीर झालाय, तरी सांगते. अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात आणि दरवर्षी घ्यावी लागते. गरोदर मातांना आणि साखर-रक्तदाबाच्या पेशंटना ती सरकारी दवाखान्यात मोफत द्यायची सोय राज्याने केलेली आहे. साठा येतो तेव्हा मोजका येतो, म्हणून यादी आषाढातच करून ठेवायची. तू स्वतः घेतलीस ना? घेतली नसशील तर उद्या घे.

हरतालिका चतुर्थीच्या आदल्या दिवशी येते. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या बायका निर्जळी उपास करतात, आणि काहीजणी गोळी मात्र इमानाने घेतात. ग्लिमेपिराइड पोटात आणि अन्नाचा कण नाही, म्हणजे दुपारी घाम फुटून पडणार. आशाताईंना घेऊन या बायकांच्या घरी त्याआधीच जाऊन ये आणि कोणती गोळी थांबवायची ते डॉक्टरांना विचारून ठेव. पुढे मोदक आणि नेवऱ्या चालू झाल्या की उलटा प्रकार, गोड दुप्पट आणि गोळी विसरलेली. गोळ्यांची पाकिटं पाहुण्यांच्या बॅगांखाली सापडतात, हे मी स्वतः काढलेली आहेत म्हणून सांगते. विहिरींत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, वेळेवर पडतेय का हेही बघ. मुंबईच्या पोरांची पोटं इथलं पाणी बदललं की बिघडतात. ओआरएस आणि झिंक जास्तीचं मागवून ठेव.

आणि तुझं स्वतःचं. जेवणाची बोलावणी येतील. एका घरी गेलीस तर सगळ्या वाडीत जावं लागेल, म्हणून पहिल्याच दिवशी सगळीकडे पाच-पाच मिनिटं बसून ये, घास-घास खा. त्या पाच मिनिटांत चुलीपाशी कोण आहे आणि कोण नाही ते बघता येतं. तुला ताप आला तर तोंडाला रुमाल बांधून कामाला येऊ नकोस, आरोग्यसेविकेला सांग आणि खोलीवर पडून राहा. आमच्या वेळी आम्ही ते शौर्य समजायचो. तो मूर्खपणा होता.

ऑक्सिमीटरचे सेल आजच बदल. दोन जास्तीचे आणून ठेव, ट्रिपल ए लागतात. चतुर्थीच्या सकाळी नाक्यावरची दुकानं माटवीचं सामान आणि फटाके विकत असतात, सेल कुणी काढून देत नाही.

तुझी,
जुनी नर्सबाई